गावतळ्याची चिखलवट कड: सोलापूरच्या पाणथळी राखण्याची रीत

सोलापूर जिल्ह्यात तळ्याचं काम निघालं की दोनच मागण्या कानावर येतात: खोल करा आणि काठ बांधून घ्या. खोलीमुळे पाणी जास्त दिवस टिकतं, दगडी काठामुळे तळं नीटनेटकं दिसतं, हे खरंच आहे. पण पाणथळीचा जीव असतो गुडघाभर पाण्यात आणि त्याच्या कडेच्या चिखलात. ती कड गेली की बदकं, तुतवार, बेडूक, शिंपले, पाणवनस्पती सगळंच जातं आणि उरते ती पाण्याची टाकी. ही कड मोजायची कशी, गाळ काढताना सोडायची कुठं आणि सांडपाणी-जलपर्णीपासून वाचवायची कशी, हे इथं क्रमानं दिलं आहे. गावतळी, पाझर तलाव, १८७१ मध्ये पूर्ण झालेला हिप्परग्याचा एकरूख तलाव आणि करमाळ्याच्या बाजूचा उजनी धरणाचा फुगवटा, या सगळ्यांना ते थोड्याफार फरकानं लागू पडतं.

इथली दलदल वेगळी आहे

दलदल वाचवण्याचे बहुतेक सल्ले थंड देशांतल्या पीटच्या दलदलींवरून आलेले असतात. तिथं जमीन बारमाही ओली असते, मेलेल्या वनस्पती धड कुजत नाहीत आणि वर्षाला जेमतेम एक मिलिमीटरच्या हिशेबानं त्यांचा थर साठत जातो; हाच पीट. जगाच्या जमिनीपैकी सुमारे ३ टक्के भाग व्यापणाऱ्या या दलदलींत जगातल्या सगळ्या जंगलांपेक्षा जास्त कार्बन कोंडलेला आहे. त्यामुळे तिथला पहिला नियम असा की पाणी कधीही उतरू द्यायचं नाही. आपल्या राज्यातही बारमाही ओली दलदल आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथल्या मायरिस्टिका (रानजायफळाच्या) झाडांच्या दलदलीला २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. ती जिवंत आहे ती झऱ्याच्या वाहत्या पाण्यावर.

सोलापुरात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. उन्हाळ्यात तळ्याची कड उघडी पडते, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यांतून हवा आत शिरते आणि साठलेला पालापाचोळा जिरून जातो. म्हणून इथं पीट साठत नाही. हा काही दोष नव्हे. वाळलेल्या गाळातली खतं मोकळी होतात, त्यात वर्षानुवर्षं पडून असलेलं बी रुजायला तयार होतं, आणि पुन्हा पाणी चढलं की त्या चिखलात अळ्या-किड्यांची जी पैदास होते तिच्यावर हिवाळ्यातले पाहुणे पक्षी जगतात. भरणं आणि आटणं ही दोन्ही कामं तळ्याला लागतात. बाराही महिने काठोकाठ पाणी ठेवायचा अट्टहास इथं चुकीचा आहे.

उजनीवर हे ढळढळीत दिसतं. ११७ टीएमसीच्या या धरणात ६३.६५ टीएमसी मृतसाठा (दारांच्या पातळीखालचं पाणी) आहे, म्हणून धरण ‘मायनस’मध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली, गेलं तरी पाणी खूप असतं. पाणी जसजसं उतरतं तसतशा उथळ चिखलाच्या पट्ट्या उघड्या पडतात आणि रोहित पक्षी तिथं उतरतात. धरण हिवाळाभर तुडुंब राहिलं तर त्यांना पाय टेकायला जागा नसते, मग ते उशिरा येतात किंवा दुसरीकडे जातात.

आधी कागद

काम कुणाच्या जागेवर करतोय हे ठरल्याशिवाय फावडं उचलू नका. तलाठ्याकडून सातबारा, भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा नकाशा घ्या. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे, त्यावरचे मृद व जलसंधारण विभागाकडे आणि मोठे प्रकल्प जलसंपदाकडे असतात. परवानगी त्या-त्या विभागाची लागते. ग्रामसभेचा ठराव त्याला जोडायचा.

कायद्याच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांत अतिक्रमण, कचरा टाकणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं आणि गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करणं या सगळ्याला मनाई आहे. पण याच नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले साठे वगळलेले आहेत. म्हणजे आपल्याकडचे बहुतेक तलाव! नुसतं ‘ही पाणथळ आहे’ म्हणून अर्ज केला तर तो याच मुद्द्यावर परत येतो. त्यापेक्षा दोन गोष्टी अर्जात घाला. २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या ज्या २,०१,५०३ पाणथळ जागा इस्रोच्या तेव्हाच्या नकाशासंग्रहात होत्या त्यांना संरक्षण द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा आदेश आहे. आपलं तळं त्या यादीत आहे का ते पाहा. आणि गावतळं बुजवून केलेलं अतिक्रमण कायम करता येत नाही, हा जगपाल सिंग खटल्यातला २०११ चा निकाल. अतिक्रमण असेल तर तहसीलदारांकडे जाताना याच निकालाचा उपयोग होतो.

गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असतेच. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत तळ्याचं स्वतंत्र पान करून घ्या. पुढं कुणी काठावर सिमेंटचा ट्रॅक घालायला आला की हे पान दाखवता येतं.

एक वर्ष नुसतं मोजा

घाईचं काम नसेल तर पहिलं वर्ष मोजणीत घाला. तीन मीटरचा लोखंडी पाइप घ्या, त्यावर दर १० सेंटीमीटरला लाल-पांढरे पट्टे मारा आणि तळ्याच्या खोल भागात सिमेंटमध्ये पक्का रोवा. सगळे आकडे सांडव्याच्या (तळं भरल्यावर जादा पाणी जिथून वाहून जातं त्या वाटेच्या) माथ्यापासून खाली मोजा: ‘सांडव्याखाली १४० सेंटीमीटर’ असं. दर आठवड्याला ठरावीक वारी एक नोंद पुरे. पाइप चिखलात खचला तर वर्षाच्या नोंदी वाया जातात, म्हणून सहा महिन्यांनी त्याचा माथा सांडव्याशी पुन्हा ताडून पाहा.

दुसरं मोजायचं ते कडेचा उतार. गवंड्याची पाण्याची नळी, दहा-बारा खुंट्या आणि टेप एवढ्यात काम होतं. पूर्ण भरल्याच्या खुणेपासून पाण्याकडे दर १० मीटरला खुंटी रोवा आणि प्रत्येक टप्प्यात जमीन किती उतरली ते लिहा. १० मीटरमध्ये ५० सेंटीमीटर उतार म्हणजे १:२०. अशा रेषा तळ्याभोवती निदान सहा ठिकाणी घ्या.

या आकड्याला इतकं महत्त्व का, ते हिशेबानं बघा. उन्हाळ्यात ऊन-वाऱ्यानं उघड्या पाण्यातून रोज साधारण ७ ते ८ मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे पंधरवड्याला १० सेंटीमीटरच्या वर. उतार १:२० असेल तर पाणी १० सेंटीमीटर उतरल्यावर दोन मीटर रुंदीचा ताजा ओला चिखल उघडा पडतो. तळ्याचा घेर एक किलोमीटर असेल तर दोन हजार चौरस मीटर, दर पंधरवड्याला. तुतवार, धोबी, शेकाटे या चिखलावर चरतात. तो वाळून कडक झाला की त्यांच्या चोची आत शिरत नाहीत, पण तोवर खालचा पुढचा पट्टा उघडा झालेला असतो. याच तळ्याचा काठ खोदून १:२ केला तर तेवढ्याच पाणीउतारात फक्त २० सेंटीमीटर चिखल मिळतो. पाणी तेवढंच, पक्षी मात्र नाहीत. तळं परातीसारखं हवं, घागरीसारखं नको.

खोलीचे पट्टेही नकाशावर रंगवून घ्या. पंधरा सेंटीमीटरपर्यंतच्या पाण्यात चिखलपक्षी, तिथून अर्ध्या मीटरपर्यंत थापट्या आणि हळदी-कुंकू बदक, चित्रबलाक, बगळे. त्यापुढं वारकरी, टिबुकली आणि बुडी मारणारी बदकं. दीड-दोन मीटरच्या पुढं पाणकणीस सहसा सरकत नाही.

गाळ काढायचा, पण कुठला

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून आहे आणि तिच्यातून कामं झपाट्यानं होतात. तळ्याचं नुकसानही याच कामात सर्वांत लवकर होतं, कारण जेसीबीवाल्याला ब्रासवर, म्हणजे काढलेल्या गाळाच्या मापावर, पैसे मिळतात आणि कडेचा गाळ उचलायला सगळ्यांत सोपा असतो.

तळ्याचे तीन भाग पाडा आणि चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर आखून घ्या. भरावाजवळचा (मातीच्या बांधाजवळचा) भाग सगळ्यात खोल असतो, पण भरावाच्या पायथ्याशी खोदायचं नाही. किती अंतर सोडायचं ते विभागाच्या अभियंत्याकडून लेखी घ्या, तोंडी नको. त्यापलीकडचा मधला भाग खोदायचा. तिसरा भाग म्हणजे कड: सांडव्याच्या पातळीपासून खाली एक मीटरपर्यंतचा पट्टा. घेराच्या निदान ६० टक्के लांबीवर त्याला हात लावायचा नाही. जिथून ओढा तळ्यात शिरतो तिथलं मुख तर नक्कीच सोडा, कारण सगळ्यांत सपाट आणि सगळ्यांत जास्त वनस्पती असलेली जागा तीच. उरलेल्या भागातही दरवर्षी एकतृतीयांशच खोदा. एका उन्हाळ्यात सगळं तळं खरवडलं तर पुढच्या पावसात बी आणि जीव परत यायला कुठून येणार?

खोदताना ज्या गोष्टी नेहमी बिघडतात त्या अशा.

गाळ संपून पिवळा किंवा घट्ट चिकणमातीचा थर लागला की थांबायचं. हा थर फोडून मुरमापर्यंत गेलं की साठवण तलाव गळायला लागतो. पाझर तलावात पाणी झिरपणं हाच हेतू असतो, तिथं ही भीती कमी. पण कुठला तलाव कशासाठी आहे हे चालकाला सांगितलेलं असलं पाहिजे. आणि मुरूम उचलणं या योजनेत बसतही नाही.

खड्ड्याच्या भिंती उभ्या सोडू नका. पावसाळ्यात त्या पाण्याखाली जातात, वरून काही दिसत नाही, आणि पोरं किंवा जनावरं एका पावलात डोक्याएवढ्या पाण्यात जातात. खोदलेल्या बाजूचा उतार निदान १:५ ठेवा. बिल देण्याआधी नळीनं तपासा.

जिथं कडेचा गाळ काढणं टाळता येत नाही तिथं वरचा १० सेंटीमीटरचा थर वेगळा काढून बाजूला रास करा. बियांचा साठा त्यातच असतो. काम झाल्यावर नव्या उतारावर हाच थर परत पसरायचा. बाहेरून रोपं आणून लावायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

वाळत चाललेल्या गाळात मऊ पाठीची कासवं उन्हाळाभर दडून बसलेली असतात. हे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. बकेटपुढं एक माणूस कायम उभा ठेवा. कासव निघालं तर ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवून दुपार टळल्यावर त्याच तळ्याच्या न खोदलेल्या भागात सोडा. खोल पाण्यात भिरकावू नका, सुस्तावलेलं कासव लगेच पोहत नाही.

मार्च ते जून हा टिटवी, शेकाट्या आणि नदी सुरय यांचा अंड्यांचा काळ, आणि गाळाचं कामही नेमकं तेव्हाच. काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सकाळी उघडा भाग पायी फिरून पाहा. अंडी दिसली की चारी बाजूंना तीसेक मीटर सोडून काठ्या रोवा. पिल्लं साधारण तीन-चार आठवड्यांत निघतात. तोवर दुसऱ्या टोकाला काम करता येतं.

आता गाळ शेतात जातो तेव्हाचा हिशेब. एका एकरावर ५ सेंटीमीटर थर द्यायचा तर सुमारे २०० घनमीटर, म्हणजे ७० ब्रासच्या आसपास गाळ लागतो. हलक्या, मुरमाड माळरानाला त्याचा चांगला फायदा होतो. भारी काळ्या रानात मात्र गाळ टाकणं म्हणजे चिकणमातीत चिकणमाती घालणं. निचरा आणखी बिघडतो. फुकट मिळतो म्हणून टाकू नका. उचलण्याआधी पाच-सहा ठिकाणचा गाळ मिसळून कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. क्षारता १ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आली तर उगवणीला त्रास होऊ शकतो. तळ्यात शहराचं किंवा कारखान्याचं पाणी येत असेल तर जड धातूंची तपासणी केल्याशिवाय तो गाळ भाजीपाल्याच्या रानात नेऊच नये.

मासे आणि कासवांसाठी डोह

खोल करायचंच असेल तर एक डोह करा, सगळं तळं नको. फेब्रुवारी ते जूनच्या मध्यापर्यंत नुसत्या बाष्पीभवनानं पाऊण ते एक मीटर पाणी जातं. म्हणून जानेवारीअखेर जी पातळी असते तिच्याखाली निदान अडीच मीटर खोलीचा डोह हवा, म्हणजे जूनमध्ये दीड मीटर पाणी उरेल. तळ्याच्या क्षेत्राच्या दहाव्या भागाएवढा डोह पुरतो. या शेवटच्या पाण्यात मोटारी टाकायच्या नाहीत हे ग्रामसभेत आधीच ठरवून घ्या. एप्रिलमध्ये ऊस वाळायला लागल्यावर ठरवू म्हटलं तर कुणी ऐकणार नाही.

ओढ्यातून येणारं सांडपाणी

गावाची गटार तळ्याला मिळते तिथं बाकीचं सगळं काम फुकट जातं. मोठ्या यंत्रणेची वाट बघण्यापेक्षा पाचशे वस्तीच्या गटारीला एक खडी-वनस्पतींचा वाफा करता येतो.

माणशी ५५ लिटर पाणी धरलं आणि त्यातलं ८० टक्के गटारीला आलं तर पाचशे माणसांचं रोजचं सांडपाणी २२ घनमीटर. आपल्या गरम हवेत माणशी १ ते २ चौरस मीटर वाफा लागतो. ५०० चौरस मीटरच्या वाफ्यात अर्धा मीटर पाणी आणि खडीतली ४० टक्के पोकळी धरली तर १०० घनमीटर पाणी मावतं, म्हणजे पाणी साडेचार दिवस आत राहतं. तेवढं पुरे.

रचना अशी: आधी जाळी, मग गाळ बसण्यासाठी दोन कप्प्यांची टाकी, मग वाफा. वाफा ६० सेंटीमीटर खोल, तळाला शेकडा एकचा उतार. पाणी शिरतं आणि निघतं त्या दोन्ही टोकांना ४० ते ८० मिलिमीटरचे दगड, मध्ये १० ते २० मिलिमीटरची धुतलेली खडी. धुतलेली याचा अर्थ खरोखर धुतलेली. क्रशरची भुकटी आत गेली की वर्षभरात वाफा तुंबतो. काळ्या मातीवर थेट अस्तर घालू नका, ती फुगते-आकसते आणि कागद फाटतो. खाली १५ सेंटीमीटर मुरूम धुमसून घ्या आणि त्यावर शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद अंथरा. कर्दळ, पाणकणीस, वाळा यांचे कंद चौरस मीटरला चार लावा. सुरुवातीला पाणी खडीच्या वरच्या थरापर्यंत ठेवा, महिन्या-दीड महिन्यानं मुळं धरली की निघण्याच्या पाइपचा कोपर फिरवून पातळी खडीखाली ५ ते १० सेंटीमीटरवर आणा. पाणी वर दिसता कामा नये, नाहीतर डास. वर्षातून दोनदा वरची वाढ कापून बाहेर न्या.

सगळ्यात महत्त्वाची म्हणजे बाजूची वाट. पावसाचा लोंढा वाफ्यात गेला तर एका रात्रीत मातीनं खडी तुंबते. ओढ्याचं पुराचं पाणी वाफ्याला वळसा घालून जाईल असा सांडवा आधी बांधा, वाफा नंतर.

जलपर्णी, पाणकणीस, बेशरम

जलपर्णीचं मूळ कारण सांडपाणी. ते चालू ठेवून जलपर्णी काढत राहणं हे न संपणारं काम आहे, कारण अनुकूल पाण्यात ती पंधरवड्यात दुप्पट होते आणि तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. शहरातल्या धर्मवीर संभाजी तलावासारख्या वस्तीतल्या तळ्यांत जलपर्णी काढायची तर आधी गटारीची तोंडं बघावी लागतात. फुलं येण्याआधी काढा. वाऱ्याच्या दिशेनं दोरी आणि बांबूचा बांध घालून एका कोपऱ्यात ढकला, तिथून उचला. तिच्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. लगेच ट्रॉलीत भरली तर डिझेल पाणी वाहण्यात जातं. काठावर, पण पूररेषेच्या बाहेर, आठवडाभर वाळू द्या आणि मग शेणाबरोबर थर देऊन खत करा. फुलोरा आलेला माल असेल तर ढीग नीट तापला पाहिजे, नाहीतर खताबरोबर बी रानातल्या चाऱ्यांपर्यंत पोचतं. तणनाशक फवारून ती जागच्या जागी कुजू दिली की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तरंगतात. जलपर्णी खाणारे भुंगेरे बारमाही पाण्यात उपयोगी पडतात. दर उन्हाळ्यात आटणाऱ्या तळ्यात त्यांची वस्ती टिकणं अवघड.

पाणकणीस शत्रू नाही. जांभळी पाणकोंबडी त्यातच घर करते, सांडपाणी गाळायलाही ते कामाचं. फक्त त्यानं निम्म्याहून जास्त कड व्यापली तर आवरायचं. मे महिन्यात कोरड्यात कापून काहीच होत नाही, पावसानंतर ते दुप्पट जोरानं फुटतं. त्याच्या मुळांना हवा पानांतून आणि जुन्या खुंटांतून मिळते. म्हणून कणसं पिकण्याआधी पाण्याखाली कापा, खुंटांवर ३० सेंटीमीटर पाणी काही आठवडे टिकेल अशा वेळी. मुळं गुदमरून कुजतात.

बेशरमाचं झुडूप उपटताना कांड्या तुटून पाण्यात पडल्या की तेवढी नवी रोपं तयार. जमीन ओली असताना मुळासकट काढा, काठावरून दूर उलटी टांगून किंवा दगडावर पसरून पूर्ण वाळवा. शेळ्यांना ती खाऊ देऊ नका, विषारी आहे. वेडी बाभूळ जमिनीसरशी तोडली तर एका खोडाची दहा होतात. बुंध्याखाली २० ते ३० सेंटीमीटर खणून गड्ड्यासकट काढावी लागते. गावठी बाभूळ मात्र राखा. पाण्यात उभ्या बाभळींवर बगळे आणि चित्रबलाक घरटी करतात. भरावावर कुठलंच झाड नको, मुळांच्या पोकळीतून पाणी वाट काढतं. आणि चिखलवट कडेवर वृक्षारोपण तर अजिबात नको, त्यासाठी गावात दुसऱ्या जागा आहेत.

रोपवाटिकेसाठी माती तयार करताना पीट मॉस (थंड देशांतल्या दलदली खणून काढलेलं शेवाळ) विकत आणू नका; नारळाच्या काथ्याचा भुसा तेच काम करतो आणि त्यासाठी कुठली दलदल खणावी लागत नाही.

म्हशी, गाळपेर आणि मासेमारी

संरक्षण म्हणजे जनावरांना बंदी, असा एक सरकारी खाक्या आहे. भरतपूरच्या केवलादेवमध्ये १९८२ साली म्हशींचं चरणं बंद केलं, आणि पाण्यात एक गवत इतकं माजलं की पक्ष्यांना उतरायला उघडं पाणी कमी पडू लागलं. म्हशी गवत खातात, चिखल तुडवून मऊ ठेवतात, त्यांच्या खुरांच्या खळग्यांत पाणी साठतं. त्यामुळे बंदी नको, पाळी हवी: कडेचे तीन भाग करा आणि दरवर्षी एक भाग ऑगस्ट ते डिसेंबर मोकळा सोडा. मेंढ्यांचे कळप आले तर अंड्यांच्या काळात काठ्या रोवलेल्या जागा धनगरांना आधी दाखवा. सांगितलं तर ते सांभाळून जातात.

गाळपेर हा उजनीकाठचा जुना व्यवहार आहे. उतरत्या पाण्यामागं कलिंगड, काकडी, हरभरा घेतात. पाटबंधारे विभागाच्या परवान्याशिवाय तो करता येत नाही. जिथं होतो तिथं दोन अटी घाला: पाण्याच्या चालू कडेपासून २० मीटर पेरायचं नाही, आणि तणनाशक-कीटकनाशकाचा पंप त्या रानात न्यायचा नाही. त्या रानावर पुढच्या पावसात पाणीच चढणार असतं, फवारलेलं सगळं त्यात उतरतं.

मासेमारीचा ठेका देताना बोटुकली कुठली सोडणार ते करारात लिहून घ्या. गवत्या मासा पाणवनस्पतींचा फडशा पाडतो. चिलापी एकदा आला की जात नाही, उजनीचं उदाहरण समोर आहे. आफ्रिकन मांगूर पाळायला देशात बंदीच आहे. फाटकी जाळी काठावर टाकून देणं थांबवा. त्यांत पक्षी आणि कासवं अडकून मरतात.

काठ सुशोभित करायचाच असेल तर

दगडी अस्तर फक्त भरावाच्या बाजूला, लाटांपासून बचाव म्हणून. बाकी तीन बाजू कच्च्या. फिरायचा रस्ता सांडव्याच्या पातळीच्या वर आणि ५० मीटर मागं, मुरमाचा. दिवे खाली तोंड केलेले आणि पाण्याकडे उजेड न पडणारे. नदी सुरयसाठी बेट करायचं ठरलं तर त्यावर माती-झाडं नकोत. वाळू-खडीचा बोडका उंचवटा हवा, आणि मे महिन्यातही भोवती एक मीटर खोल आणि पाच मीटर रुंद पाणी राहील असा चर. चर आटला की कुत्री चालत जातात आणि एका रात्रीत सगळी अंडी फस्त होतात.

नोंदी आणि पहिला पाऊस

महिन्यातून एकदा, सकाळी आठच्या आत, त्याच दोन जागांवर अर्धा-अर्धा तास उभं राहून पक्षी मोजा. जानेवारीतली मोजणी आशियाई पाणपक्षी गणनेच्या तारखांना करा, म्हणजे आकडे इतर ठिकाणांशी ताडता येतात. पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या किती आले यापेक्षा ते कुठल्या पट्ट्यात बसले हे लिहा. कड सुधारली की बिघडली हे त्यावरूनच कळतं. पाण्याची गढूळता बघायला २० सेंटीमीटरची काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून सोडा आणि दिसेनाशी होते ती खोली लिहा.

जूनचा पहिला वळीव हा सगळ्यात धोक्याचा दिवस. तळ्यात पाणी कमी असतं, ते तापलेलं असतं आणि ओढ्यातून चार महिन्यांची घाण एकदम येते. ती कुजायला लागली की पहाटे पाण्यातला प्राणवायू अगदी संपत येतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर लगेच पंपानं डोहातलं पाणी उंचावरून परत त्याच डोहात फवाऱ्यासारखं सोडायला लागा आणि ऊन चढेपर्यंत चालू ठेवा. त्या दिवशी चुना-तुरटी टाकायच्या भानगडीत पडू नका. मेलेले मासे त्याच दिवशी बाहेर काढून काठापासून दूर खड्ड्यात पुरा. त्याआधी बाटलीत पाणी भरून, तारीख-वेळ लिहून, बर्फात ठेवून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात द्या. दुसऱ्या दिवशीचं पाणी तपासून काही हाती लागत नाही. हे सगळं टाळायचं असेल तर मेअखेरीस ओढ्याच्या मुखाशी साठलेला कचरा आणि गटारीतला गाळ उचलून घ्या, दोन ट्रॅक्टर आणि एका दिवसाचं काम असतं.